सपाट दाढा लावणारे सगळे आळशी का?

नौपाड्याचा दातवाला:
काल इथं एका महाशयांनी लिहिलं की कवळीला झिरो डिग्रीच्या, म्हणजे उंचवटे नसलेल्या सपाट दाढा लावणारा डॉक्टर एक तर आळशी, नाहीतर कॉलेजात झोपलेला. गप्प बसणार होतो, जमलं नाही.

खालची रिज, म्हणजे दात गेल्यावर उरलेला हिरडीचा कडा, पार झिजलेली, जीभ ऐसपैस पसरलेली, आजोबा दर वेळी वेगळ्याच जागी चावतात. अशा तोंडात 33 डिग्रीच्या, म्हणजे तेवढ्या उताराच्या उंचवट्यांच्या दाढा लावून बघा. उतारावर उतार आदळतो आणि खालची कवळी आडवी पळते. डिव्हॅन या दंतवैद्यानं 1954 मध्ये ‘न्यूट्रोसेंट्रिक’ पद्धत मांडली ती याचसाठी. उतारच नको, दाढा अरुंद आणि मोजक्या, जोर सरळ खाली रिजवर.

आणि पट्टी ठेवून दाढा रांगेत चिकटवल्या की झालं, असं वाटत असेल तर एक सेटिंग, म्हणजे कवळीत दात मांडणं, स्वतः करा. दाढांची पातळी मागे रेट्रोमोलर पॅडच्या (खालच्या जबड्यात शेवटच्या दाढेमागची मऊ गादी) दोन तृतीयांश उंचीला मिळवायची. पुढच्या दातांना उभा ओव्हरलॅप (वरच्यांनी खालचे झाकणं) द्यायचा नाही, आडवा (वरचे जरा पुढे) ठेवायचा. वरच्या दाढा गालाकडे जरा बाहेर, नाहीतर पेशंट गाल चावून घेतो. खालची रिज मागे जिथं वर चढते तिथं दाढ लावायचीच नाही, नाहीतर प्रत्येक घासाला कवळी पुढे घसरते. हे आळशी माणसाचं काम?

वाशीची प्रोस्थो:
महाशय नव्हे, बाई; प्रोस्थो, म्हणजे कृत्रिम दातांची डॉक्टर. मीच लिहिलं होतं आणि परत लिहीन.

जबडा पुढे नेला की मागच्या दाढांत फट पडते हे दंतवैद्य ख्रिस्टेन्सननं सांगून शंभरावर वर्षं झाली. तेव्हा तुमची सपाट कवळी फक्त पुढच्या दातांवर टेकते आणि मागून उचलते. त्यावर उपाय आहेत, दाढांच्या रांगेला कर्व्ह द्या किंवा मागे बॅलन्सिंग रॅम्प, म्हणजे टेकायला छोटा चढ, करा. ठाण्यात रॅम्प करणारा एक जण दाखवा! रिज बघून कोण सपाट निवडतं हो? फेसबो (वरच्या जबड्याची सांध्यापासूनची जागा मोजायचं साधन) नको, साध्या हिंज आर्टिक्युलेटरवर (जबड्यासारखी नुसती उघडझाप करणारी चौकट) भागतं, लॅबलाही सोपं, म्हणून निवडतात. मेथीचे दोरे त्या दाढांनी तुटत नाहीत, पेशंट अख्खा घास गिळतो. लिंग्वलाइज्ड मांडणी करा ना. वरचे जिभेकडचे उंचवटे तेवढे टेकतात, जोरही मधोमध आणि घासही चिरला जातो.

कळव्याचा लॅबवाला:
‘लॅबलाही सोपं’ वाचून चहा थंड झाला.

मॅडम, तुमची मेणाची बाइट, म्हणजे वरखालच्या जबड्यांच्या चाव्याची नोंद, मे महिन्यात पार्सलवाल्याच्या डिकीतून येते. माझ्याकडे पोचेपर्यंत मेण मऊ आणि बाइट वाकडी. मग 33 लावा की 20, ट्राय-इनला, म्हणजे कवळी तोंडात घालून बघताना, एकच दाढ टेकते. डॉक्टर घासायचा बर फिरवून उंचवटे उडवतात. म्हणजे सपाटच झालं की! वर ‘सेटिंग चुकलं’ म्हणून बिलातून पैसे कापतात ते वेगळंच.

वाशीची प्रोस्थो:
मी बाइट कास्टवर (जबड्याच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीवर) सील करून, बर्फाच्या पॅकसह डब्यात पाठवते.

कळव्याचा लॅबवाला:
तो पॅक वितळून कास्ट ओलाचिंब येतो. पाकिटावरचं पेशंटचं नावही धुऊन जातं.

ऐरोलीचा जुना सभासद:
पोरांना बोलू नका. माझा धाकटा भाऊ हेच पार्सलचं काम करतो. कळवा नाक्यावर भर दुपारी अडकतो, वर दोन्हीकडून शिव्या. डॉक्टर म्हणतो उशीर, लॅब म्हणते वितळलं. डिकीत फ्रीज बसवून देता का?

कळव्याचा लॅबवाला:
पोराला कुठं बोललो? सकाळी द्यायची वस्तू दुपारी दोनला देणाऱ्याला बोललो.

नौपाड्याचा दातवाला:
धागा दाढांचा आहे.

ऐरोलीचा जुना सभासद:
असेल. दाढा हवेतून येतात काय?

नेरुळची लेक:
मी डॉक्टर नाही. आईला पार्किन्सन्स आहे. तिची पहिली कवळी उंचवट्यांची, दिसायला फार सुंदर, आणि सदा डबीत. घास चावताना खालची उडायचीच. दुसऱ्या डॉक्टरांनी सपाट दाढा लावल्या. आता भाकरी आमटीत कुस्करून का होईना, चारचौघांत बसून जेवते. फक्त फोटोत हसत नाही. पुढचे दात कंगव्यासारखे एका रेषेत दिसतात म्हणते, आणि खोटं नाही ते.

वाशीची प्रोस्थो:
पार्किन्सन्स असेल तर मीही सपाटच लावीन. ते कुणीही लावेल, त्यासाठी सत्कार करू का?

नौपाड्याचा दातवाला:
करा, शाल मी आणतो. म्हणजे आळशांच्या यादीत आता तुम्हीही. मेथीचं मात्र मान्य, माझे पेशंट ती बारीक चिरूनच खातात. पण लिंग्वलाइज्डलाही चावण्याची जागा पक्की लागते. जो माणूस दर वेळी नवीन जागी चावतो त्याचं काय करता?

वाशीची प्रोस्थो:
त्याची बाइट पुन्हा घेते. तुम्ही पहिल्याच प्रयत्नात हार मानता.

नौपाड्याचा दातवाला:
आणि पुन्हा वेगळी आली की?

वाशीची प्रोस्थो:
मग बघते. ‘सरसकट’ हा शब्द कालच्या पोस्टमध्ये घालायला हवा होता एवढंच म्हणेन. रॅम्पवर तुम्ही अजून बोलला नाहीत.

कळव्याचा लॅबवाला:
मी बोलतो. रॅम्प लागत असेल तर चिठ्ठीत लिहा, आजवर कुणी लिहिलेलं नाही. आणि दोघांनीही रेट्रोमोलर पॅडची रेघ कास्टवर पेन्सिलीनं मारून पाठवा, नाहीतर पातळी माझ्या अंदाजानं लागेल. पार्सल सकाळी दहाच्या आत.