मदत हवी आहे: दिवे आणि आवाज असलेल्या आकाशकंदिलासाठी कोणती रिचार्जेबल बॅटरी घ्यावी?

आर्डुइनो नॅनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), डीएफप्लेअर मिनी (गाणी वाजवणारे एमपी3 मॉड्यूल), 3 वॉटचा स्पीकर आणि 24 रंगीत एलईडींची (डब्ल्यूएस2812) पट्टी वापरून मी आकाशकंदील तयार केला आहे. 5 व्होल्टवर तो सरासरी 450 मिलिअँपिअर घेतो. परंतु सर्व दिवे पूर्ण पांढरे झाले की हाच प्रवाह 1.4 अँपिअरपर्यंत जातो.

2000 मिलिअँपिअर-तासांचे चार निकेल-मेटल हायड्राइड एए सेल एकसरीत जोडून पाहिले असता नेमक्या त्याच क्षणी व्होल्टेज खाली येऊन गाणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावूनही हा प्रकार केवळ कमी झाला, थांबला नाही. सेलहोल्डर स्वस्तातला आहे, त्यामुळे दोष त्याच्या स्प्रिंगांचाही असू शकेल. पॉवर बँकेचा प्रयोगही फसला, कारण दिवे मंद झाले की ती आपोआप बंद होते.

कंदील सलग तीन तास चालावा, बॅटरी बाहेर काढून चार्ज करता यावी आणि घरात लहान मुले असल्याने ती सुरक्षित असावी, एवढ्या अटी आहेत. जागा जेमतेम दोन 18650 सेलची (18 मिमी व्यासाचे, 65 मिमी लांबीचे दंडगोल सेल) आहे.

अशा वेळी संरक्षक सर्किट असलेला एक लिथियम-आयन सेल बूस्ट (व्होल्टेज वाढवणाऱ्या) कन्व्हर्टरसह वापरावा, की दोन लिथियम आयर्न फॉस्फेट सेल एकसरीत जोडून बक (व्होल्टेज कमी करणारा) कन्व्हर्टर लावावा, आणि तो कन्व्हर्टर किमान किती अँपिअरचा असावा?