डिस्क दुसऱ्या मशीनला लावणार असाल तर

लिनक्स सुरू होत नसेल तर 'ग्रब पुन्हा टाकला की झालं' असा सल्ला नेहमी दिला जातो. (ग्रब म्हणजे मशीन चालू केल्यावर लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम, बूट लोडर.) डिस्क त्याच मशीनमध्ये राहणार असेल तर पटतं. पण युईएफआयमध्ये (नव्या पीसींचं फर्मवेअर, म्हणजे मशीन चालू होताच आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) कोणता लोडर सुरू करायचा ही बूटची नोंद मदरबोर्डच्या मेमरीत असते, डिस्क हलवली की नोंद मागेच राहते. आमच्याकडे परभणीत शाळेच्या लॅबमधले पीसी असेच चालतात, याची डिस्क काढून त्याला, आणि मग पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस'.

अशा वेळी ग्रब टाकायच्या 'ग्रब-इन्स्टॉल' कमांडला '--रिमूव्हेबल' जोडा. लोडर डिस्कवरच्याच फॅट३२ ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटच्या फाइल्सचा वेगळा भाग) 'बूटएक्स६४.ईएफआय' या ठरलेल्या नावाने बसतो, नोंद नसली तरी फर्मवेअरला सहसा सापडतो. जुन्या बायोसवाल्या (युईएफआयच्या आधीचं फर्मवेअर) पीसीचं वेगळं: डिस्क जीपीटी (पार्टिशनच्या यादीची नवी पद्धत) असेल तर तिथे ग्रबसाठी १ एमबीचं बायोस-बूट पार्टिशन सोडायचं, फॉरमॅट न करता.