बोटं पांढरी पडतात आणि आता एएनए पॉझिटिव्ह, किती घाबरायचं?

गारठलेली:
वय 38. वर्षभर झालं, फ्रीजमधून काही काढलं किंवा एसीत बसलं की दोन-तीन बोटं खडूसारखी पांढरी पडतात, मग निळसर, आणि ऊब आली की लालभडक होऊन अशी ठणकतात की विचारू नका. आधी दुर्लक्ष केलं. पण हल्ली सकाळी बोटं सुजलेली असतात, अंगठी निघत नाही. डॉक्टर म्हणाले रेनॉड आहे, म्हणजे गारठ्याने बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त तपासलं तर एएनए (आपल्याच पेशींवर उलटणाऱ्या अँटीबॉडीजची तपासणी) पॉझिटिव्ह, 1:320, म्हणजे रक्त 320 पट पातळ करूनही. नेटवर बघितलं तर थेट स्क्लेरोडर्मा (कातडी आणि आतले अवयव कडक होतात तो) आणि ल्युपस, दोन्ही प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचे आजार, झोपच उडाली. रुमॅटॉलॉजिस्टची, म्हणजे अशा आजारांच्या आणि सांध्यांच्या डॉक्टरांची, अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आहे. म्हणजे आजार आहेच असं धरून चालू का?

कोपऱ्यातली खुर्ची:
नाही, नुसत्या एएनएवरून काहीच ठरत नाही, तो धडधाकट माणसांतही पॉझिटिव्ह येतो. पण खोटा धीर देत नाही, दुसरा आजार नसलेला नुसता रेनॉड बहुतेक वेळा तिशीच्या आतच सुरू होतो, तुझा सदतिशीत आला आणि वर बोटांना सूज, तेव्हा अपॉइंटमेंट चुकवू नकोस. मला लिमिटेड, म्हणजे कातडीवर कमी पसरणारा, स्क्लेरोडर्मा आहे, निदान होऊन 11 वर्षं झाली, नोकरी चालू आहे. माझ्या वेळी पुढच्या अँटीबॉडीज बघितल्या होत्या, सेंट्रोमिअर, एससीएल-70, आरएनपी, आणि नखाच्या मुळाशी ज्या बारीक केशवाहिन्या असतात त्या भिंगाखाली तपासल्या, त्याला कॅपिलरोस्कोपी म्हणतात. त्या वाहिन्या फुगलेल्या किंवा मधेमधे गायब दिसल्या तर संशय वाढतो, आणि ते नॉर्मल निघून अँटीबॉडीजही निगेटिव्ह आल्या तर बराचसा जीव भांड्यात. जळजळ, गिळायला त्रास, जिना चढताना दम, असं काही असेल तर आपणहून सांग, डॉक्टर विचारतीलच असं नाही.

मोजेवाली:
नेलपॉलिश काढून जा आणि तोवर नखांच्या कडेची कातडी कापू नकोस, नाहीतर भिंगाखाली नीट दिसत नाही. बोटं पांढरी झाली की मोबाईलवर फोटो काढ, डॉक्टरसमोर ती हमखास गुलाबी असतात :) मला 16 व्या वर्षापासून आहे, सगळे रिपोर्ट नॉर्मल. हातमोज्यांपेक्षा अंगात जाड स्वेटर जास्त उपयोगी पडतो हे मला फार उशिरा कळलं, पोट-छाती गार पडली की बोटांचा रक्तपुरवठा आधी तुटतो. आणि बधिर बोटं कढत पाण्यात घालायची नाहीत, भाजलेलं कळतच नाही.

गारठलेली:
किती बरं वाटलं वाचून. एक विचारायचं राहिलं, मायग्रेनसाठी प्रोप्रानोलॉल घेते, त्याचा काही संबंध असेल?

कोपऱ्यातली खुर्ची:
असू शकतो! प्रोप्रानोलॉल बीटा ब्लॉकर गटातली गोळी आहे, त्यांनी बोटांच्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात, मायग्रेनच्या काही इतर गोळ्यांनी आणि नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांनीही. पण मनाने बंद करू नकोस हं, एकदम थांबवली की छाती धडधडते, ज्यांनी दिली त्यांनाच आजच फोन कर. आणि सुजेवर कुणी स्टिरॉइड सुचवलं तर रुमॅटॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय नको, स्क्लेरोडर्मा निघाला तर जास्त डोसने किडनीवर येऊ शकतं. मला निफेडिपिन, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, आहे, सुरुवातीला डोकं दुखायचं, पाय सुजायचे, पण बोटाच्या टोकाची जखम भरली. तुला अशी जखम किंवा काळा ठिपका दिसला तर मात्र तीन आठवडे थांबायचं नाही.

गारठलेली:
जखम नाही. फोन केला, परवा बोलावलंय. नेलपॉलिश आत्ताच पुसलं.