नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर काढला तरी परत येतो

निपाणीकर: विंडोज १०. डिव्हाइस मॅनेजरमधून नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अनइन्स्टॉल केला, पण रीस्टार्ट केलं की तोच परत बसतो. मुळापासून कसा काढायचा?

खानापूर_हार्डवेअर: अनइन्स्टॉल करताना 'डिलीट द ड्रायव्हर सॉफ्टवेअर' या चौकटीत टिक केली होती का? नसेल तर फक्त नोंद जाते, फाइल ड्रायव्हर स्टोअरमध्ये (विंडोज ड्रायव्हरच्या प्रती जिथे ठेवतं तिथे) तशीच राहते आणि विंडोज तीच उचलतं. आधी नवा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या बरं का, नंतर नेट नसेल. स्टॅटिक आयपी (हाताने भरलेला ठरावीक नेटवर्क पत्ता) असेल तर तोही लिहून ठेवा, कार्डाबरोबर तो पुसला जातो.

बेळगाव_नेटवर्क: चौकटच दिसत नसेल तर ड्रायव्हर बहुधा विंडोजचा स्वतःचा असतो, तो असा निघत नाही, वर नवा चढवायचा. बाहेरचा असेल तर ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पीएनपीयुटिल /एनम-ड्रायव्हर्स' (pnputil /enum-drivers) चालवा, ड्रायव्हरची यादी दिसेल. 'ओईएम१२.आयएनएफ' अशी नावं येतील. कंपनी आणि तारीख जुळवूनच नंबर धरा. चुकला तर भलताच ड्रायव्हर जाईल. मग 'पीएनपीयुटिल /डिलीट-ड्रायव्हर ओईएम१२.आयएनएफ /अनइन्स्टॉल' (pnputil /delete-driver oem12.inf /uninstall), १२ च्या जागी तुमचा नंबर. सगळं इंग्रजीत टाइप करायचं. लॅन केबल काढून ठेवा, नाहीतर विंडोज अपडेट तोच ड्रायव्हर पुन्हा आणेल.

निपाणीकर: दोन नोंदी होत्या, ओईएम९ आणि ओईएम१४. दोन्ही काढल्यावर गेला. आभारी आहे दादा.