चिलापीतला दादा नर आणि चोरटा नर: हार्मोन व मेंदूतली जनुकं कशी मोजायची?

प्रश्न – एमएस्सी_प्राणिशास्त्र, नाशिक
मोझांबिक चिलापी या गोड्या पाण्यातल्या माशात टाकीतला एक नर (दादा) काळा पडून वाळूत खड्डा खणतो. बाकीचे मादीसारखे रुपेरी राहतात आणि ऐन विणीच्या वेळी खड्ड्यात घुसतात (असा घुसखोर म्हणजे चोरटा). दोघांचं ११-केटोटेस्टोस्टेरॉन (माशांतलं मुख्य नर हार्मोन) मोजायचंय, मेंदूतल्या जीएनआरएच१ (प्रजननाची साखळी सुरू करणाऱ्या हार्मोनचं जनुक) व ईजीआर१ (चेतापेशी उत्तेजित होताच चालू होणारं जनुक) यांचं क्यूपीसीआर (जनुक किती सक्रिय आहे ते मोजणारी चाचणी) करायचंय. मासे बीज केंद्रातून आणू की गंगापूर धरणावरच्या कोळ्यांकडून? रक्त न काढता जमेल? अख्खा मेंदू चालेल?

तळ्याकाठी
शेततळ्यांसाठीचं बीज अजिबात नको. ते बहुधा एकलिंगी असतं: पिल्लांना २१ ते २८ दिवस किलोमागे ६० मिलिग्रॅम मिथाइलटेस्टोस्टेरॉन घातलेलं खाद्य देतात. म्हणजे त्यातले निम्मे ‘नर’ जनुकांनी माद्याच! त्यांच्यावर हार्मोनचा अभ्यास करून हाती काय लागणार?
धरणातले घ्या, पण शेपटीवर ठळक उभे पट्टे असतील तर तो नाइल चिलापी किंवा संकर समजून बाजूला काढा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन थायोसल्फेटने मारा. नाशिकच्या थंडीत हीटर २७-२८ अंशांवर ठेवा, पाणी २० च्या खाली गेलं की वीण थांबते. आणि आधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी.

एलायझावाला
रक्ताशिवाय जमतं. मिथेनॉलने विसळलेल्या काचेच्या बीकरमध्ये मासा तासभर ठेवा. पाणी गाळून सी-१८ कार्ट्रिजमधून (हार्मोन धरून ठेवणारी नळी) ओढा (आधी ४ मिली मिथेनॉल, मग ४ मिली शुद्ध पाणी), ४ मिली मिथेनॉलने हार्मोन उतरवा, नायट्रोजनखाली सुकवा, एलायझाच्या (प्रतिपिंडांनी हार्मोन मोजणारी चाचणी) बफरमध्ये विरघळवा. आकडा वजनाने भागा. बिनमाशाच्या पाण्याचा नमुना सोबत हवाच.
गोची अशी की दादा नर लघवी साठवतो आणि मादी किंवा प्रतिस्पर्धी दिसला की सोडतो. त्यामुळे एकाच बीकरच्या आकड्यावर विसंबू नका, त्याच माशाचे वेगवेगळ्या दिवशी, ठरलेल्या वेळी नमुने घ्या.

मेंदू_आणि_बर्फ
अख्खा मेंदू नको. जीएनआरएच१ च्या पेशी मोजक्या आणि प्रीऑप्टिक भागात, दृष्टीचेता एकमेकींना छेदतात त्याच्या वरच. टेक्टम-सेरेबेलम या मेंदूच्या मोठ्या भागांच्या आरएनएत त्यांचा संकेत बुडून जातो. शिवाय जीएनआरएच२ मध्यमेंदूत व जीएनआरएच३ पुढच्या टोकाला असतात, प्रायमर (क्यूपीसीआरमध्ये ठरावीक जनुक हुडकणारे डीएनएचे तुकडे) त्यांनाही धरत नाहीत ना ते तपासा.
ईजीआर१ ला वेळेची घाई. टांगानिका सरोवरातल्या बर्टोनी सिक्लिडमध्ये दुय्यम (दादाच्या हाताखालचा) नर दादाची जागा घेऊ लागला की २०-३० मिनिटांत त्याच्या प्रीऑप्टिक भागात ईजीआर१ उसळतो. म्हणून दिवे लागायच्या आत अंधारातच दादाला काढा, उजेड झाल्यापासून अर्ध्या तासाने वर चढणाऱ्या दुय्यम नराचा नमुना घ्या. तुलनेसाठीच्या (नियंत्रण) टाकीत दादा तसाच ठेवून तेवढीच ढवळाढवळ करा, नाहीतर जाळ्याची भीतीच मोजली जाईल. मेंदू दोन-तीन मिनिटांत बर्फावर काढून आरएनए-लेटरमध्ये (आरएनए टिकवणारं द्रावण) टाका. डीएनेज (आरएनएतला भेसळीचा डीएनए काढणारं विकर) चुकवू नका आणि संदर्भ जनुकं (तुलनेसाठीची, पातळी न बदलणारी) किमान दोन, दोन्ही गटांत स्थिर आहेत हे आधी दाखवून.

एमएस्सी_प्राणिशास्त्र
मग रुपेरी नर म्हणजे चोरटा, असं धरून गट पाडले तर?

मेंदू_आणि_बर्फ
नाही. मिडशिपमन माशात दोन नर कायमचे वेगळे: चोरट्याचे वृषण शरीराच्या प्रमाणात सुमारे ९ पट मोठे, पण ११-केटोटेस्टोस्टेरॉन घरट्यावरच्या नरात जास्त. चिलापीत तसं नाही, आजचा रुपेरी उद्या काळा होतो. घुसखोरी व्हिडिओत प्रत्यक्ष दिसली तरच चोरटा म्हणा, बाकीचे फक्त दुय्यम.