‘भुंगा’ नेमका कोणाचा?

बॉम्बस टेरेस्ट्रिस (इंग्रजीत बंबलबी म्हणतात त्यांतला एक) आणि पेप्सिस ग्रोसा (कोळ्यांची शिकार करणारा, इंग्रजीत ‘टॅरंटुला हॉक’) या दोन्ही कीटकांना एकाच मजकुरात ‘भुंगा’ म्हटलेलं वाचलं. हे बरोबर आहे का?

पहिल्याला भुंगा म्हणायला माझी हरकत नाही. आपल्या मनातला काळाभोर, लाकूड पोखरणारा सुतारभुंगा वेगळा. पण जाडजूड अंग, फुलांशी नातं आणि घुमणारा आवाज जुळतो. ‘बॉम्बस’ या लॅटिन शब्दाचा अर्थही घोंघावणंच. टोमॅटोच्या फुलावर हा बघावा: परागकोश जबड्यात पकडतो, पंख न फडफडवता उडण्याचे स्नायू थरथरवतो, सूर एकदम चढतो आणि झडलेले पराग अंगावरच्या दाट लवेत अडकतात. मधमाशीला हे साधत नाही. ‘केसाळ भुंगा’ म्हटलं की सुतारभुंग्याशी गल्लत होणार नाही.

पेप्सिसला मात्र भुंगा म्हणू नये. निळसर काळं चकचकीत अंग, बारीक कंबर, लांब पाय. मादी आपल्यापेक्षा जड टॅरंटुला कोळ्याला नांगी मारून लुळा करते, बिळात ओढत नेते, त्याच्यावर एकच अंडं घालते आणि बीळ बुजवते. अळी त्याला जिवंतपणीच खाते, मर्मस्थानं शेवटी. म्हणून ‘कोळीमार’ हा शब्दही मला खटकतो. कोळी मेला तर अळीचं अन्न नासेल.

‘गांधीलमाशी’ म्हटलं की पोळं आणि झुंड आठवते. ही एकटी राहते. ‘कुंभारीण’ जवळची वाटेल, कारण काही कुंभारणीही कोळी धरतात. पण त्या मातीच्या घरट्यात एकेका कप्प्यात अनेक छोटे कोळी भरतात. साधं ‘कोळी धरणारी माशी’ मला सगळ्यांत चोख वाटतं. धरणं हेच तिचं काम, आणि शिकार मादीच करते म्हणून ‘माशी’चं स्त्रीलिंगही शोभतं.

गोंधळ मात्र जुना आहे. ‘भुंगा’ आला संस्कृत ‘भृंग’वरून. कमळात अडकणारा भृंग मधाचा लोभी, आणि भृंगकीटक न्यायात ध्यास लावून किड्याला आपल्यासारखं करणारा तोही भृंगच! त्या दृष्टांतामागचा कीटक बहुधा असाच शिकारी असणार: घरट्यात किडा गेलेला दिसला, बाहेर पडली ती माशी. मधल्या अंड्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.