मदत हवी आहे: उत्प्रेरक गाळणारा फिल्टर सारखा चोक होतोय

चोकअप: छोट्या पायलट प्लांटवर स्लरी रिअ‍ॅक्टर आहे. त्यातल्या द्रवात तरंगणारी उत्प्रेरकाची पूड गाळून परत आत पाठवायला सिंटर्ड मेटलच्या कँडल, म्हणजे सच्छिद्र धातूच्या फिल्टर-नळ्या, लावल्यात. सुरुवातीला झकास, मग प्रेशर ड्रॉप (फिल्टरच्या दोन बाजूंतला दाबाचा फरक) चढतच जातो. बॅकवॉशनंतरही (उलट्या प्रवाहाने धुतल्यावरही) मूळ आकड्यावर येत नाही. मोठ्या प्लांटसाठी कँडल वाढवू का? जरा लवकर सांगा, ड्रॉइंग अडकलंय.

निवळी: उत्प्रेरक कोणता? कण केवढे? कँडलची भोकं किती मायक्रॉनची?

चोकअप: हायड्रोजनेशन (हायड्रोजन जोडायची प्रक्रिया) म्हटल्यावर रॅने निकेलच की, निकेलची सच्छिद्र पूड. कण ४० मायक्रॉन, भोकं १०. त्यामुळे तो प्रश्नच नाही.

निवळी: हायड्रोजनेशन हे आत्ता म्हणालात! ४० ही ताज्या मालाची सरासरी. कण झिजतात, तो चुरा भोकांत घुसून बसतो. भोकं अजून बारीक घ्या. उलटं वाटेल, पण मग चुरा वरच अडतो आणि बॅकवॉशने तो साचलेला थर (केक) झडतो.

जुना_खलाशी: फिल्टर हवाच कशाला? सेटलर लावा, कण आपोआप तळाशी बसायची टाकी, निवांत.

निवळी: खलाशीबुवा, स्टोक्सच्या नियमाने ५ मायक्रॉनचा कण ४० वाल्याच्या चौसष्टपट हळू बसतो. चुरा सगळा वरून वाहून जाईल.

जुना_खलाशी: जाऊ द्या की! आत साठवून काय लोणचं घालणार?

निवळी: आणि प्रॉडक्टमधलं निकेल कोण काढणार?

लोहचुंबक: चुंबक! रॅने निकेल चुंबकाला धरतं. कुणी विचारच करत नाही.

भटक्या: तेल शुद्धीकरणात क्रॅकिंगच्या (जड तेल तोडायच्या) युनिटमध्ये १९४२ पासून उत्प्रेरक फिरवतात, सायक्लोनवर (गरगर फिरवून कण वेगळे करणाऱ्या भांड्यावर).

निवळी: ते वायूत. इथे द्रव आहे. चोकअप, स्लरी फिल्टरपर्यंत जाते कशी?

चोकअप: बाहेरच्या लूपमधून. साधा सेंट्रिफ्यूगल पंप, फुल स्पीडवर.

निवळी: अहो, मग कण दळायची चक्कीच लावलीय तुम्ही! आधी स्पीड कमी करा, किंवा कँडल रिअ‍ॅक्टरच्या आतच बसवा. लूपमधल्या नमुन्याचं पार्टिकल साइझ मोजलंय का?

चोकअप: नाही. मोठ्या पंपाची ऑर्डर गेलीय. कँडल वाढवू की नको, एवढंच सांगा.

निवळी: वाढवल्यात तर चोक उशिरा होतील, इतकंच.

जुना_खलाशी: आणि त्या कँडल काढताना ओल्याच ठेवा हो. रॅने निकेल सुकलं की हवेत आपोआप पेटतं.

लोहचुंबक: चुंबकाचं कुणी बोलेल का?